मांजर हरवलं तर लांब जाऊ नका, कुत्रं सुटलं तर मागे धावू नका

मांजर दिसेनासं झालं की बहुतेक घरांत एकच होतं. कुणी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतं, कुणी स्कूटर काढून चार गल्ल्या पालथ्या घालतं. मांजर तोवर दोन मजले खाली मीटर बोर्डाच्या मागे अंग चोरून बसलेलं असतं. कुत्र्याच्या बाबतीत याच्या उलट होतं. फटाक्याला घाबरून कुत्रा सुटतो, घरचे चौघे त्याचं नाव ओरडत मागे लागतात आणि तो त्यांच्यापासूनच पळत हायवेपर्यंत जातो.

पुण्यात अशा शोधांना मी बरीच वर्षं मदतीला जाते. माणसं मेहनतीत कुठेच कमी पडत नाहीत, क्रम मात्र जवळपास दर वेळी चुकतो. म्हणून हा लेख.

तुमचा प्राणी आत्ता हरवलेला असेल तर टप्पा १ सोडा आणि थेट टप्पा २ वर जा.

## टप्पा १: हरवण्याआधी, म्हणजे आजच

फोटो. तुमच्या मोबाईलमध्ये त्याचे पाचशे फोटो असतील. त्यांतले बहुतेक झोपलेले, अर्धे पांघरुणात किंवा टोपी घातलेले. शोधाला चार लागतात: समोरून चेहरा, डावी बाजू, उजवी बाजू आणि उभं असताना पूर्ण शेपटीसकट. दिवसाच्या उजेडात काढा आणि वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. त्याच फोल्डरमध्ये लसीकरणाचं कार्ड आणि महापालिकेचा श्वान परवाना यांचेही फोटो असू द्या.

एक गुप्त खूण. पोटावरचा ठिपका, वेगळ्या रंगाचं एखादं नख, मागच्या पायाचा जुना व्रण. ही खूण कुठल्याही जाहिरातीत लिहायची नाही. तिचं काम टप्पा ७ मध्ये कळेल.

पट्ट्यावर नंबर. लोंबणारा बिल्ला आठवड्याभरात पडतो. मोबाईल नंबर पट्ट्यावरच शिवून किंवा कोरून घ्या आणि शक्यतो दोन नंबर द्या. नुसता क्यूआर कोड पुरत नाही. टपरीवरच्या माणसाला कोड स्कॅन करण्यापेक्षा नंबर फिरवणं सोपं जातं, आणि घाबरलेलं कुत्रं कॅमेऱ्यासमोर मान स्थिर ठेवत नाही. मांजरासाठी ओढ बसल्यावर आपोआप सुटणारा पट्टाच घ्या, नाहीतर तो गजात अडकून फास बसतो.

मायक्रोचिप. खांद्यांच्या मधोमध कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात आणि तिच्यात १५ अंकी क्रमांक असतो. तिला बॅटरी नसते आणि ती प्राणी कुठे आहे हे सांगत नाही. कुणीतरी प्राणी पकडून स्कॅनर फिरवला तरच क्रमांक दिसतो, आणि त्या क्रमांकापुढे तुमचा चालू मोबाईल नोंदवलेला असेल तरच उपयोग होतो. नंबर बदलला की नोंदही बदलून घ्या.

जाळी. कबुतरांसाठी बाल्कनीला लावतात ती नायलॉनची जाळी मांजर दाताने तोडतं. खिडक्यांना स्टीलची जाळी लावा. बाथरूमची काचेच्या पट्ट्यांची खिडकी सगळे विसरतात, आणि मांजर नेमकं तिथूनच जातं.

एक आवाज. स्टीलच्या डब्यात खाऊ ठेवा आणि रोज एकदा तो डबा वाजवूनच खाऊ द्या. महिन्याभरात त्या आवाजाला प्राणी झोपेतूनही उठून येतो. घाबरलेल्या मालकाच्या ओरडण्यापेक्षा या डब्याचा भरवसा जास्त.

> तपासा: कुत्र्याच्या पट्ट्यात दोन बोटं जायला हवीत, चार नकोत. सैल पट्ट्यातून मागे सरकून डोकं काढणं कुत्र्याला दोन सेकंदांचं काम आहे. दिवाळीच्या दिवसांत फिरायला नेताना छातीचा हार्नेस आणि गळ्यातला पट्टा दोन्ही घाला आणि दोन्हींना दोरी लावा. संध्याकाळचं फिरणं फटाके सुरू व्हायच्या आधी आटपा.

## टप्पा २: पहिली पंधरा मिनिटं

१. घराचं दार आणि गॅलरी बंद करा. प्राणी आत असेल तर आता बाहेर जायला नको.

२. शेवटचं कुणी, कुठे आणि किती वाजता पाहिलं ते विचारा आणि कागदावर लिहा. त्या वेळेनंतर दार कधी उघडलं होतं? कुरिअर, दूध, कचरा, मोलकरीण, गॅसवाला, एकेक आठवा.

३. घर शोधा. दिवाणाचा बॉक्स, वॉशिंग मशीनचा ड्रम, कपाटातल्या साड्यांच्या मागे, फ्रिजच्या मागची फट, माळा, सोफ्याच्या खालच्या कापडाला पडलेलं भोक, सगळीकडे. "तिथे ती जातच नाही" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय, आणि त्यातल्या कितीतरी मांजरी तिथेच निघाल्या आहेत.

४. घरात नाही हे नक्की झालं की कामं वाटा. एकजण घरी थांबेल आणि त्याचा फोन मोकळा राहील. एकजण वॉचमनला गेट लावायला सांगून सीसीटीव्ही बघेल. बाकीचे शोधतील.

सीसीटीव्ही लगेच बघायचा, कारण प्राणी गेटबाहेर गेला की नाही या एका उत्तरावर पुढचा सगळा शोध ठरतो. काही सोसायट्यांत रेकॉर्डिंग थोड्याच दिवसांनी पुसलं जातं, त्यामुळे कामाचा भाग मोबाईलवर घेऊन ठेवा.

इथून पुढे मांजर आणि कुत्रा यांचे रस्ते वेगळे.

## टप्पा ३-अ: मांजर हरवलं असेल तर

घरात वाढलेलं मांजर बाहेर पडलं की पहिली आडोशाची जागा गाठतं आणि गप्प बसतं. तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभं राहून हाक मारली तरी ते ओ देत नाही. रुसवा नसतो तो. आवाज केला तर शत्रूला ठावठिकाणा कळेल, एवढंच त्याचं शरीर त्याला सांगत असतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,२१० हरवलेल्या मांजरांची माहिती होती. सापडलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मांजरं निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत मिळाली, आणि केवळ घरात राहणारी तर त्याहूनही जवळ. त्यामुळे सुरुवातीला स्कूटर काढायचीच नाही, गुडघे टेकून शोधायचं.

शोधायचा क्रम असा ठेवा:

१. आपला मजला. चपलांचे रॅक, कुंड्यांच्या मागे, इलेक्ट्रिक डक्टचं दार, अग्निशमन नळाची पेटी.

२. जिना, आधी खाली आणि मग वर. सगळे मजले सारखेच दिसतात, म्हणून मांजर वरच्या किंवा खालच्या मजल्यावर नेमकं आपल्यासारख्याच दारापाशी जाऊन बसतं. ते दार उघडं असलं तर आतही शिरतं.

३. गच्ची. पाण्याच्या टाकीमागे, लिफ्टच्या मशीन रूममध्ये, सोलरच्या पत्र्याखाली.

४. पार्किंग. प्रत्येक गाडीखाली झोपून बघा. बॉनेटवर हलकी थाप मारा आणि उघडता येत असेल तर उघडून घ्या. इंजिनाची ऊब मांजरांना आवडते, म्हणून सकाळी गाड्या निघण्याआधी हे झालंच पाहिजे.

५. पंप रूम, मीटर रूम, वॉचमनची खोली, जिन्याखालचं भंगार.

६. त्यानंतर शेजारच्या इमारती.

मांजर खिडकीतून पडलं असेल तर क्रम बदला. आधी त्या खिडकीच्या बरोबर खाली जा. जखमी मांजर जवळच्या झुडपात, गटाराच्या झाकणाखाली किंवा एसीच्या युनिटमागे सरपटत जातं. मिळाल्यावर वरून ठणठणीत दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आतला रक्तस्राव आणि फुप्फुसाला झालेली इजा बाहेरून कळत नाही.

बंद जागांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. गेल्या दोन दिवसांत कोणत्या फ्लॅटला कुलूप लागलं? कोणत्या दुकानाचं शटर पडलं? कोणत्या घरात रंगकाम चालू होतं? "आमच्याकडे नाही आली हो" या उत्तरावर परत फिरू नका. "दोन मिनिटं मीच बघू का? पलंगाखाली असली तर तुम्हालाही कळायचं नाही," असं नम्रपणे म्हणा. आमच्या घरची भाटी नवव्या दिवशी मिळाली ती खालच्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटच्या डक्टमध्ये. त्या फ्लॅटचे मालक परगावी होते, आणि पहिल्याच दिवशी त्यांना फोन करायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

रात्रीचा शोध. दिवसा शंभरदा बघितलेली जागा रात्री पुन्हा बघा. साधारण बारा ते चार या वेळात रहदारी थांबते आणि मांजर हालचाल करायला लागतं. टॉर्च कपाळापाशी, डोळ्यांच्या रेषेत धरा, म्हणजे मांजराचे डोळे हिरवट चमकून दिसतात. कमरेपाशी धरलेल्या टॉर्चने ते दिसत नाहीत. वीस पावलं चालायचं, थांबायचं, दोन मिनिटं नुसतं ऐकायचं. डबा हळू वाजवा आणि रोजच्या सुरात, जेवायला बोलावता तसंच बोला. दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत. वॉचमनला आधी सांगून ठेवा आणि बाईमाणसाने एकटं फिरू नये.

> सावधान: वापरलेली लिटर ट्रे (मांजराच्या शी-शूचा ट्रे) दाराबाहेर ठेवा, असा सल्ला सर्रास मिळतो. मी तो देत नाही. त्या वासाने आसपासचे बोके येतात, आणि घाबरलेलं मांजर त्यांच्यामुळे आणखी लांब जातं. त्यापेक्षा त्याचं अंथरूण किंवा तुमचा न धुतलेला कुर्ता ठेवा. खाणं ठेवलंत तर त्यावर नजर ठेवा.

जागा कळली पण हाताला येत नसेल तर पकडायच्या पिंजऱ्याची सोय करा. भटक्या मांजरांची नसबंदी करणाऱ्या संस्थांकडे दार आपोआप पडणारे पिंजरे असतात आणि विनंती केली तर पुष्कळदा मिळतात. आत वासाची मासळी ठेवा, पिंजऱ्यावर चादर टाका आणि दर अर्ध्या तासाने लांबून बघून या. पिंजरा रात्रभर तसाच सोडून झोपायला जाऊ नका.

## टप्पा ३-ब: कुत्रा हरवला असेल तर

आधी ठरवा की कुत्रा भटकत गेला की घाबरून पळाला.

गेट उघडं दिसलं म्हणून, वासामागे किंवा माजावर आलेल्या कुत्रीमागे गेलेला माणसाळलेला कुत्रा बहुधा कुणाच्या तरी अंगणात जाऊन बसलेला असतो. त्याला शोधायचं म्हणजे माणसं गाठायची. टपरी, रिक्षा स्टँड, किराणा दुकान, मटणाचं दुकान, शाळेचा वॉचमन, आणि रोज भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या ताई-दादा. त्यांना गल्लीतला प्रत्येक कुत्रा ठाऊक असतो आणि नवा आलेला त्यांना लगेच कळतो.

फटाके, अपघात किंवा मारहाण यांमुळे पळालेल्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. नव्या घरी येऊन चार दिवस झालेला दत्तक कुत्राही यातच धरा. अशा कुत्र्याला त्या वेळी तुमचीही ओळख पटत नाही. मागे येणारा प्रत्येक माणूस त्याला शिकारी वाटतो. त्यात एका गल्लीतली कुत्री त्याला हाकलतात, तो पुढच्या गल्लीत शिरतो आणि तिथलीही हाकलतात. असा ढकलला जात तो नाल्याकाठी, कालव्याच्या रस्त्याला, रेल्वे रुळांपाशी, टेकडीवर किंवा मोकळ्या प्लॉटवर येऊन थांबतो, कारण तिथे दुसऱ्या कुत्र्यांची हद्द विरळ असते. शोधही त्याच दिशेने न्या.

तो दिसला की काय करायचं:

१. थांबा. पळू नका, नाव ओरडू नका, सोबतच्यांनाही गप्प करा.

२. त्याच्याकडे कड करून जमिनीवर बसा आणि नजरेला नजर देऊ नका.

३. हातातली पिशवी किंवा डबा वाजवा आणि खाऊ खाल्ल्यासारखं करा. उकडलेलं चिकन, अंडं, पनीर असं वासाचं काहीतरी स्वतःच्या भोवती हळूच टाका.

४. तो जवळ आला तरी झडप घालू नका. आधी हातातलं खाऊ द्या, मानेखालून कुरवाळा आणि मगच पट्ट्यात बोट घाला. वरून डोक्याकडे हात नेऊ नका.

५. तो निघून गेला तर जाऊ द्या. तिथे पाणी, खाणं आणि तुमचा वापरलेला कपडा ठेवा आणि रोज त्याच वेळी एकट्यानेच जा.

> सावधान: "पकडून देणाऱ्याला पंचवीस हजार" असं जाहीर केलं की वीस मुलं बाईक घेऊन कुत्र्याच्या मागे लागतात आणि कुत्रा गाडीखाली जातो. पोस्टरवर "पकडू नका, मागे धावू नका, फोन करा" ही ओळ नंबराइतक्याच मोठ्या अक्षरात हवी. बक्षिसाचा आकडा लिहू नका.

पकडताना चावा बसला, अगदी आपल्याच कुत्र्याचा असला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा. बाहेर असताना त्याला कोण चावलं असेल हे आपल्याला माहीत नसतं.

## टप्पा ४: मेसेज

मेसेज एकदाच आणि नीट पाठवा. पाच जणांनी पाच वेगळे मेसेज फिरवले की लोकांना पाच कुत्रे हरवल्यासारखं वाटतं. नमुना असा:

"हरवला आहे. कुत्रा, नर, तांबूस रंग, उजवा कान दुमडलेला, निळा पट्टा. शनिवार, रात्री ९ वाजता, अमुक चौकातून. घाबरलेला आहे. पकडू नका, मागे धावू नका. दिसल्यास फोटो काढून लगेच या नंबरवर फोन करा."

तारीख, वार आणि वेळ घाला. तारीख नसलेला मेसेज प्राणी सापडल्यावरही दोन वर्षं फिरत राहतो. फोटो दोनच जोडा. घरचा पत्ता देऊ नका, चौक पुरतो. जातीचं नाव मोठ्याने मिरवू नका, रंग आणि आकार सांगा. "बीगल" म्हणजे काय हे रस्त्यावरच्या निम्म्या लोकांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांतल्या काहींना त्याची किंमतही माहीत असते.

## टप्पा ५: पोस्टर आणि पहाटेची माणसं

व्हॉट्सॲपवर नसलेली माणसंच रस्ता जास्त बघतात. पहाटे पाच ते आठ या वेळात सफाई कर्मचारी, घंटागाडीवाले, दूधवाले, पेपर टाकणारी मुलं आणि रात्रपाळी संपवणारे वॉचमन यांना भेटा आणि छोटी छापील चिठ्ठी हातात द्या. मला मिळालेल्या खात्रीच्या बातम्यांतल्या निम्म्याहून जास्त याच माणसांनी दिलेल्या आहेत.

पोस्टर चालत्या बाईकवरून वाचता आलं पाहिजे. वर "हरवला आहे", मधे एकच मोठा फोटो, खाली नंबर. मराठी आणि हिंदी दोन्हींत लिहा. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घाला आणि फोल्डरचं तोंड खाली ठेवा, नाहीतर पाणी साचून शाई पसरते. सार्वजनिक भिंतींवर आणि खांबांवर चिकटवू नका. १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि शिवाय ते पोस्टर दुसऱ्या दिवशी फाडलंही जातं. दुकानदाराला विचारून काचेच्या आतून लावलेलं टिकतं.

## टप्पा ६: महापालिका, दवाखाने, पोलीस

हे पहिल्या चोवीस तासांत उरकायचं. लोक आठवडा घालवतात.

महापालिकेची गाडी पट्टा नसलेला कुत्रा भटका समजून उचलू शकते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण होतं, ओळखीसाठी कानाला खाच मारली जाते आणि कुत्रा पकडलेल्या जागीच परत सोडला जातो. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस स्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावीत, पुन्हा तिथे सोडू नयेत, असा आदेश दिला. तुमचा कुत्रा स्टेशनच्या आवारात शिरला असेल तर तो आपोआप परत यायचा नाही. पशुवैद्यकीय विभागात आणि नसबंदी केंद्रात फोन करा, पण त्यावर थांबू नका. परवाना आणि फोटो घेऊन स्वतः जा आणि पिंजरे डोळ्यांनी बघा. फोनवरच्या माणसाला तुमचा तांबूस कुत्रा आणि दुसऱ्याचा तांबूस कुत्रा यांत फरक कळणं शक्य नाही.

परिसरातल्या सगळ्या पशुवैद्यांना आणि प्राण्यांच्या रुग्णालयांना कळवून ठेवा. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट अशा ठिकाणी रस्त्यावरचे जखमी प्राणी आणले जातात. दर दोन दिवसांनी पुन्हा विचारा, कारण ड्यूटीवरची माणसं बदलतात.

चोरीचा संशय असेल, म्हणजे सीसीटीव्हीत कुणी उचलताना दिसत असेल किंवा पट्टा कापलेला सापडला असेल, तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. पाळीव प्राणी कायद्याने मालमत्ता आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली ही चोरी ठरते. सोबत परवाना, लसीकरण कार्ड आणि फोटो जोडा.

> तपासा: तक्रारीच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली का? पोहोच हातात असल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

## टप्पा ७: येणारे फोन

पोस्टर लागल्यावर फोन सुरू होतात आणि त्यांतले काही फसवे असतात. ठरलेली वाक्यं येतात: "तुमचा कुत्रा माझ्याकडे आहे, जखमी आहे, डॉक्टरांना आधी पैसे पाठवा", "मी शहराबाहेर चाललोय, गाडीभाडं टाका", "ओटीपी आलाय तो सांगा". तुम्ही तेव्हा पार मोडलेले असता, हे समोरच्याला माहीत असतं.

तीन नियम पाळा. आधी व्हिडिओ कॉल. मग ती गुप्त खूण समोरच्याला सांगायला लावा, आपण सुचवायची नाही. पैसे प्राणी हातात आल्यावरच, तेही वर्दळीच्या जागी आणि सोबत कुणालातरी नेऊन. खरा माणूस या अटींना रागावत नाही.

खऱ्या फोनवर मात्र उशीर करू नका. "आत्ता इथे दिसतोय" म्हणणाऱ्याला लाईनवरच ठेवून निघा. वही ठेवा आणि प्रत्येक खबरीची जागा, वेळ आणि दिशा लिहा. तीन-चार खबरी नकाशावर मांडल्या की कुत्र्याचा रोजचा फेरा दिसायला लागतो आणि त्या वाटेवर तुम्ही आधीच जाऊन बसू शकता.

## टप्पा ८: मिळाल्यावर

दार, खिडक्या लावा आणि मगच पिशवी किंवा पिंजरा उघडा. आनंदाच्या गडबडीत तोच प्राणी दुसऱ्यांदा निसटल्याचं मी पाहिलंय.

पाणी थोडं थोडं, खाणं चमच्याचमच्याने. उपाशी पोटाला एकदम भरपेट जेवण झेपत नाही. दोन-तीन दिवस काही न खाल्लेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचायला लागते, म्हणून ते कितीही बरं दिसलं तरी डॉक्टरांना दाखवा. चाव्याची खूण दिसली तर आधीची लस झालेली असली तरी रेबीजचा डोस पुन्हा लागतो. अंगावरच्या गोचिडी काढून घ्या आणि पुढचे तीन आठवडे ताप, सुस्ती, फिकट हिरड्या यांकडे लक्ष ठेवा. गोचीडतापाची लक्षणं उशिरा दिसतात. घरात दुसरं मांजर असेल तर दोघांना एक-दोन दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवा. परतलेल्याच्या अंगाला परका वास येत असतो आणि घरातलं त्याच्यावर फिस्कारतं.

मग पोस्टर काढायला निघा, आणि ज्या सफाई कर्मचाऱ्यांच्या, वॉचमनच्या हातात चिठ्ठी दिली होती त्यांना सापडल्याचं स्वतः जाऊन सांगा. ती माणसं रोज झाडता झाडता गाड्यांखाली वाकून बघत असतात.